रोड बाइकवरून टाइम ट्रायलच्या सायकलवर: वाऱ्याशी जमवून घेताना

मंडळी, सायकल चालवून देणग्या गोळा करणाऱ्या आमच्या गटाला दरवर्षी दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "यंदा किती मैल?" आणि दुसरा, जरा दबक्या आवाजात, "अहो, घरी चांगली सायकल असताना ही शिंगं असलेली दुसरी कशाला?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात देता येतं. दुसऱ्यासाठी मात्र हा लेखप्रपंच.

लेख लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. आपल्यापैकी कित्येकांनी इथे आल्यावर चाळिशीत किंवा पन्नाशीत सायकल पुन्हा हातात धरली. दोन-तीन उन्हाळे रोड बाइकवर काढले, अंगात थोडा दम आला, आणि आता टाइम ट्रायल म्हणजेच 'टीटी' सायकलचे वेध लागले आहेत. (आपल्याकडे टीटी म्हटलं की पडल्यावर घ्यायचं इंजेक्शन आठवतं. नीट शिकलं तर त्याची गरज पडणार नाही!) अशांना आमचं सांगणं एवढंच की सायकल एका दिवसात बदलता येते, पण तिच्यावरची बैठक अंगवळणी पडायला दोन-तीन महिने लागतात. ते द्यायची तयारी नसेल तर मान आणि कंबर धरते, वेग वाढत नाही, आणि रस्त्यावर जिवावरही बेतू शकतं. ते का आणि त्यावर काय करायचं, ते सविस्तर पाहू.

आजोबांची रॅले आणि तीन बैठका

मराठी घरात 'रॅले' हे नाव माहीत नाही असा आजोबा विरळा. ती कंपनी इथल्याच नॉटिंगहॅमची. काळी फ्रेम, मागे कॅरिअर, साखळीवर पत्र्याचं झाकण, आणि वर आजोबा पाठ ताठ ठेवून बसलेले, जणू खुर्चीतच. मान सरळ, नजर लांबवर, दोन्ही ब्रेक हाताशी. ऑफिसला जायला, धान्याची पिशवी आणायला यापेक्षा चांगली बैठक नाही. पण समोरून वारा आला की तो थेट छातीवर.

दुसरी बैठक रोड बाइकची. हँडल खाली वळलेलं, पाठ तिरपी, हात पुढे. छातीचा बराच भाग वाऱ्याच्या वाटेतून बाजूला होतो. तरीही ब्रेक आणि गिअर बोटांखालीच असतात, आणि हात ठेवायच्या तीन-चार जागा असल्यामुळे अंग आखडत नाही. घाट चढा, उतरा, चारजणांबरोबर गप्पा मारत जा, ही सायकल सगळं निभावते.

तिसरी बैठक टाइम ट्रायलची. कोपर गाद्यांवर टेकलेले, हात एकमेकांजवळ पुढे निघालेल्या दोन दांड्यांवर, पाठ जवळजवळ जमिनीला समांतर, डोकं खांद्यांच्या मध्ये ओढून घेतलेलं. लांबून पाहिलं तर माणूस नमस्कार घालता घालता थांबला आहे असं वाटतं. ही बैठक एकाच कामासाठी बनली आहे: एकट्याने, सपाट रस्त्यावर, कमीत कमी वेळात अंतर कापणं.

ही शर्यत याच मातीतली

टाइम ट्रायलमध्ये स्पर्धक घोळक्याने सुटत नाहीत. मिनिटामिनिटाने एकेक जण निघतो. पुढच्याच्या आडोशाला राहून वारा चुकवायला बंदी. ज्याचा वेळ कमी, तो जिंकला. लपायला जागाच नाही, म्हणून हिला 'सत्याची शर्यत' असंही म्हणतात.

या प्रकाराचा इतिहास ब्रिटनचाच आहे, आणि मोठा मजेदार आहे. १८९४ साली नॉर्थ रोडवरच्या एका शर्यतीत सायकलींचा घोळका पाहून घोडागाडीचे घोडे बिथरले, स्वार पडले आणि तक्रार झाली. आधीच बदनाम झालेल्या रस्त्यावरच्या शर्यतींना नॅशनल सायकलिस्ट्स युनियनने मनाई केली. यावर फ्रेडरिक बिडलेक या गृहस्थांनी तोडगा काढला. घोळका नकोच, एकेकट्याने घड्याळाविरुद्ध जायचं, म्हणजे बघणाऱ्याला शर्यत चालली आहे हे कळणारही नाही! ५ ऑक्टोबर १८९५ रोजी नॉर्थ रोड सायकलिंग क्लबने ५० मैलांची अशी चाचणी घेतली.

पुढे कित्येक वर्षं हा खेळ जवळजवळ भूमिगतांसारखा चालला. पहाटे सुरुवात, अंगभर काळे कपडे, पाठीवर नंबर नाही, आणि रस्त्याचं नाव उघड न करता सांकेतिक अक्षरं. १९३७ साली रोड टाइम ट्रायल्स कौन्सिल स्थापन झाली. २००२ पासून तिचं नाव 'सायकलिंग टाइम ट्रायल्स' आहे. लपवाछपवी केव्हाच संपली, पण सांकेतिक नावं अजून तशीच आहेत. हलजवळच्या ए-६३ रस्त्यावरच्या एका प्रसिद्ध मार्गाला आजही 'व्ही ७१८' म्हणतात.

१०, २५, ५० आणि १०० मैल ही ठरलेली अंतरं. शिवाय १२ तासांत किंवा २४ तासांत किती मैल जाता येतं याच्याही शर्यती असतात. उन्हाळ्यात ठिकठिकाणचे क्लब आठवड्यातल्या एका संध्याकाळी १० मैलांची चाचणी ठेवतात. गावातल्या हॉलमध्ये नाव नोंदवायचं, थोडे पौंड भरायचे, नंबर लावायचा. रस्त्याच्या कडेला घड्याळवाले गृहस्थ "पाच, चार, तीन, दोन, एक" म्हणतात आणि आपण निघतो. वळणावळणावर स्वयंसेवक उभे. परत आल्यावर चहा आणि घरी केलेला केक. आपल्या गणपतीच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडणारे आणि चहा ओतणारे हात आठवतात ना? अगदी तेच वातावरण, फक्त आरती नाही.

वाऱ्याचं गणित

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पाठ एवढी वाकवायची कशासाठी?

सपाट रस्त्यावर हळू जाताना वारा जाणवतही नाही. पण ताशी १५ मैलांच्या पुढे गेलं की पायातली बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच खर्च होते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात. शाळेतलं गणित आठवा. ताशी २० मैलांवरून २५ वर जायचं म्हणजे वेग सव्वापट. पण सव्वाचा घन जवळजवळ दोन. म्हणजे वेग सव्वापट करायला हवेविरुद्धची ताकद दुप्पट लागते! पन्नाशीच्या माणसाने दुप्पट ताकद आणायची कुठून?

ती आणता येत नाही, म्हणून दुसरी बाजू धरायची: वाऱ्याला अडणारं अंग लहान करायचं. या रोधातला मोठा वाटा सायकलचा नसतो, स्वाराच्या शरीराचा असतो. समजा, बैठक बदलून हवेचा रोध एक पंचमांशाने कमी झाला. टायरचं घर्षण बाजूला ठेवून हिशेब केला तर २५ मैलांना ७५ मिनिटं घेणारा माणूस तेवढ्याच ताकदीत साधारण ७० मिनिटांत येतो. पाच मिनिटं! आणि घाम तेवढाच.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९८९ च्या तूर द फ्रान्सचं. शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल होती. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड फ्रान्सच्या लोराँ फिन्यॉच्या ५० सेकंद मागे होता. लेमाँडने ट्रायथलॉनवाल्यांकडून आलेल्या कोपर टेकवायच्या दांड्या लावल्या आणि डोक्यावर निमुळतं हेल्मेट घातलं. फिन्यॉच्या हँडलला तशा दांड्या नव्हत्या, आणि डोक्यावर हेल्मेटही नव्हतं. मागे बांधलेले केस वाऱ्यावर उडत होते. तीन आठवडे आणि तीन हजारांहून जास्त किलोमीटर झाल्यावर लेमाँड ८ सेकंदांनी जिंकला. सगळं श्रेय दांड्यांना देता येणार नाही, पण त्यानंतर त्यांना हसायचं धाडस कुणी केलं नाही.

दोन सायकलींत नेमकं काय बदलतं

रोड बाइकवर कोपराच्या दांड्या लावल्या की टीटी सायकल झाली, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. फरक मुळात फ्रेममध्ये आहे.

सीटखालची नळी रोड बाइकवर साधारण ७३ अंशांत तिरपी असते. टीटी सायकलवर ती ७६ ते ८० अंशांपर्यंत उभी केलेली असते. त्यामुळे सीट पुढे सरकते आणि सगळं शरीरच पायडलांच्या मधल्या आसाभोवती पुढच्या बाजूला फिरतं. का? कारण सीट आहे तिथेच ठेवून नुसती पाठ वाकवली तर पायडल वर येताना मांडी पोटात रुततो, श्वास कोंडतो आणि कमरेचा कोन बंद होतो. सीट पुढे घेतल्यावर पाठ वाकते, पण मांडी आणि पोट यांच्यातली जागा शिल्लक राहते. हल्ली बरेच जण पायडलचा दांडा १७२.५ ऐवजी १६५ मिलिमीटरचा घेतात, तोही याचसाठी.

दुसरा फरक वजनाचा. रोड बाइकवर शरीराचा भार सीट, हात आणि पाय यांच्यात वाटलेला असतो. इथे तो पुढे जातो. पुढचं चाक जड होतं आणि हात जवळजवळ असल्यामुळे हँडल वळवायला ताकदीचा आधार राहत नाही. ही सायकल हाताने वळत नाही, अंग कलवून वळते, आणि तीही सावकाश.

तिसरा फरक सगळ्यात महत्त्वाचा. गिअर बदलायचं बटण पुढच्या दांड्यांच्या टोकाला असतं, पण ब्रेक मात्र खालच्या आडव्या हँडलवर. म्हणजे आपण सर्वांत वेगात असतो, नेमके तेव्हाच ब्रेक हाताशी नसतात. ताशी २५ मैल म्हणजे सेकंदाला ११ मीटर. दांड्यांवरून हात काढून ब्रेकवर न्यायला एक सेकंद लागला तर ब्रेक दाबण्याआधीच सायकल दोन मोटारींच्या लांबीहून जास्त पुढे गेलेली असते. नवीन सायकल घेणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा पाठ करावा.

अंग वळवायचं कसं

आमच्या गटाने ठरवलेला क्रम खाली देत आहोत. तो मध्यम वयाच्या, नोकरी सांभाळून सायकल चालवणाऱ्यांसाठी आहे. पूर्वीचं मानेचं, मणक्याचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारा.

सुरुवात रोड बाइकवरूनच करा. तिच्या हँडलवर बसवायच्या सुट्या कोपर-दांड्या बाजारात मिळतात. एक उन्हाळा त्यांच्यावर काढला तर ही बैठक आपल्याला मानवते की नाही, ते हजारो पौंड खर्च न करता कळतं. आता कित्येक ठिकाणी रोड बाइकवाल्यांचा स्वतंत्र गटही असतो, त्यामुळे टीटी सायकलवाचून काही अडत नाही.

पहिले दोन आठवडे घरातच, टर्बो ट्रेनरवर. कोपराच्या गाद्या मुद्दाम उंच ठेवा. पाच मिनिटं खाली, पाच मिनिटं वर, असं करत अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीनदा. समोर आरसा ठेवता आला तर उत्तम. खांदे कानांपर्यंत चढले असतील तर ते सोडा. भार हाडांवर आणि गाद्यांवर पडला पाहिजे, स्नायूंनी धरून ठेवता कामा नये. सीट पुढे सरकवली असेल तर ती थोडी वरही घ्यावी लागते, कारण पुढे सरकल्यावर सीट आणि पायडल यांतलं अंतर कमी होतं. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं तर आधी हे तपासा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रस्त्यावर या. कोरडा दिवस, वारा कमी, रहदारी नसलेला सरळ रस्ता. दांड्यांवर एका वेळी दोन-तीन मिनिटंच. या काळात वेगाचा विचार अजिबात नको. शिकायचं ते वेगळंच: दांड्यांवरून खालच्या हँडलवर आणि परत, सायकल न डगमगता येणं, एका हाताने पाणी पिणं, मागे वळून बघताना सरळ रेषेत राहणं, खड्डा दिसला की आधीच हात ब्रेकवर नेणं. हे शंभर वेळा केलं की हात आपोआप जातात.

पाचव्या ते आठव्या आठवड्यात एकेका वेळचा काळ दहा, पंधरा, वीस मिनिटांवर न्या. मग गाद्या खाली आणा, पण एका वेळी पाच मिलिमीटरची एकच चकती काढा आणि आठवडाभर तिची सवय होऊ द्या. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहून ठेवायचा. सीट, गाद्या आणि दांड्या तिन्ही एकदम हलवल्या तर दुखणं कशामुळे आलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

सुरुवातीला एक निराशा सगळ्यांच्याच वाट्याला येते. नव्या बैठकीत पाय तेवढी ताकद देत नाहीत. मांड्यांच्या मागचे स्नायू आणि नितंब वेगळ्या कोनात काम करायला शिकत असतात. त्यामुळे पहिला महिना घड्याळ बघूच नका. नंतर एकाच रस्त्यावर, सारख्याच वाऱ्यात, तेवढीच धाप लागेल अशा बेताने जाऊन वेळ मोजा. सगळ्यात खालची बैठक सगळ्यात वेगवान असतेच असं नाही. जी शेवटच्या मैलापर्यंत टिकते तीच आपली.

सायकलखालचा व्यायाम तर आपल्या घरातलाच आहे. सूर्यनमस्कार, भुजंगासन, मार्जारासन, मांड्यांच्या मागच्या स्नायूंसाठी पश्चिमोत्तानासन, आणि पोट-पाठीसाठी प्लँक. रोज पंधरा मिनिटं पुरतात.

आता एक नाजूक विषय. या बैठकीत भार सीटच्या पुढच्या टोकावर येतो. तिथे बधिरपणा किंवा मुंग्या येत असतील तर ती 'सवय व्हायची' गोष्ट नव्हे, तो इशारा आहे. आपल्याकडे असल्या तक्रारी लाजून सांगत नाहीत, पुरुष नाहीत आणि बायका तर त्याहून नाहीत. कृपा करून सांगा. दर काही मिनिटांनी सीटवरून उठा, सीटचं नाक दोन-तीन अंश खाली करून बघा, आणि तरी थांबलं नाही तर नाक आखूड किंवा मधोमध चिरलेलं असतं तशी सीट घ्या. तीही नको वाटली तर बैठक उंच करा. दोन मिनिटांच्या वेळेसाठी शरीराचं कायमचं नुकसान कुणी करू नये.

मानेचंही तसंच. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत साधारण ३,००० मैलांची 'रेस अॅक्रॉस अमेरिका' होते. तिथे घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही. २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या गटात ती पुरी केली. २०१७ मध्ये नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकेकट्याने ती वेळेत पूर्ण केली. याच शर्यतीने मानेच्या एका दुखण्याला नाव दिलं आहे: 'शर्मर्स नेक'. १९८३ च्या शर्यतीत मायकल शर्मर यांच्या मानेचे स्नायू इतके थकले की डोकं वर धरणंच अशक्य झालं, त्यावरून हे नाव. आपल्या १० मैलांत असं काही होणार नाही, पण मान वर धरून पुढे बघत राहणं हे या बैठकीतलं सगळ्यात जड काम आहे हे त्यावरून कळतं. पायांइतकीच मानेचीही तयारी हवी.

मान खाली घालू नका

लहानपणी आपल्याला "खाली मान घालून अभ्यास कर" असं सांगायचे. टीटी सायकलवर नेमकं उलटं आहे. दमल्यावर डोकं आपसूक खाली जातं, नजर पुढच्या चाकावर स्थिरावते, आणि डावीकडे उभी असलेली मोटार दिसत नाही. या खेळातले अतिशय वाईट अपघात असे झाले आहेत. ज्या बैठकीत पुढचा रस्ता दिसत नाही ती बैठक कितीही वेगवान असली तरी चुकीची. गाद्या वर घ्या.

आमच्या गटाचे काही नियम आहेत, आणि त्यांत सूट नाही:

- इतरांबरोबर जाताना दांड्यांवर हात न्यायचे नाहीत. हे एकट्याचं वाहन आहे.
- वळण, चौक, राउंडअबाउट, उतार, ओला रस्ता आणि गर्दी यांत हात खालच्या हँडलवर, बोटं ब्रेकवर.
- शाळा, बागा आणि पार्क केलेल्या गाड्यांच्या रांगा असलेल्या रस्त्यावर ही सायकल न्यायचीच नाही.
- हेल्मेट आणि पुढचा-मागचा दिवा, दिवसासुद्धा.
- बाजूचा वारा जोराचा असेल तर पुढे साधं चाक. उंच रिमचं चाक शिडासारखं वागतं. झुडपांच्या कुंपणात फट आली किंवा लॉरी शेजारून गेली की हिसका बसतो. घट्ट धरून ठेवण्यापेक्षा हात सैल ठेवले तर सायकल लवकर सावरते.

पैसे कुठे घालावेत

दुकानात गेलं की मोटारीच्या किमतीच्या सायकली दिसतात. अशा वेळी ग्रॅम ओब्री यांची आठवण ठेवावी. स्कॉटलंडच्या या गड्याने घरी बनवलेल्या सायकलमध्ये धुण्याच्या यंत्रातले बेअरिंग वापरले, हात छातीखाली दुमडून बसायची स्वतःची तऱ्हा शोधली, आणि १७ जुलै १९९३ रोजी नॉर्वेतल्या हामार इथे एका तासात ५१.५९६ किलोमीटर जाऊन जागतिक विक्रम केला. सहाच दिवसांनी ख्रिस बोर्डमन यांनी बोर्दो इथे ५२.२७० किलोमीटर जाऊन तो मोडला, पण बैठकीचं महत्त्व ओब्रींनी जगाला शिकवलं ते शिकवलंच.

त्याहून मोठी आठवण बेरिल बर्टन यांची. यॉर्कशरमधल्या शेतावर कष्टाचं काम करणारी ही बाई १९५९ ते १९८३ अशी सलग २५ वर्षं ब्रिटनची सर्वोत्तम अष्टपैलू महिला टाइम ट्रायलपटू ठरली. १९६७ साली १२ तासांच्या शर्यतीत त्यांनी २७७.२५ मैल कापले, पुरुषांच्या विक्रमापेक्षाही जास्त. त्या दिवशी आघाडीवर असलेल्या माइक मॅकनामारा यांना मागे टाकताना त्यांनी खिशातली लिकरिशची गोळी काढून त्यांच्या हातात दिली! कोपर-दांड्या नाहीत, निमुळतं हेल्मेट नाही. महिलांमधला त्यांचा हा विक्रम ५० वर्षं, २०१७ पर्यंत टिकला.

म्हणून आमचा क्रम असा. पहिला खर्च जाणकाराकडून बैठक मोजून घेण्यावर. मग आवडेल ती सीट. मग अंगाला घट्ट बसणारे कपडे. फडफडणारं जाकीट वाऱ्याला आमंत्रण देतं. त्यानंतर चांगले टायर आणि हेल्मेट. सायकल स्वतः शेवटी, आणि तीही जुनी चालेल. महागडी चाकं तर सगळ्यांच्या नंतर. वाचलेले पौंड कुठे द्यायचे ते या पुस्तिकेच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

रस्त्याच्या कडेला उभं राहणाऱ्यांसाठी

१ ऑगस्ट २०१२ रोजी लंडन ऑलिंपिकची टाइम ट्रायल हॅम्प्टन कोर्टला झाली. ब्रॅडली विगिन्स यांनी ४४ किलोमीटर ५० मिनिटं ३९ सेकंदांत कापून सुवर्णपदक घेतलं, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची भिंत होती आणि तिकिटाशिवाय कित्येकांना ते बघायला मिळालं. आमच्या चाचणीला एवढी गर्दी नसते. हॉलमधले चारजण, दोन मुलं आणि एखादा कुत्रा. तेव्हा आपण या. चढाच्या माथ्यावर किंवा वळणानंतर उभे राहा, तिथे आम्ही हळू असतो आणि हाक ऐकू येते. स्वाराच्या मागे मोटार घेऊन येऊ नका, त्याने आडोसा मिळतो आणि नियम मोडतो. आमच्यातलं कुणी हात हलवून उत्तर दिलं नाही तर राग मानू नका. हात दांड्यांवरून काढायचे नाहीत असं आम्हीच त्यांना बजावलं आहे.

आणि ज्यांना स्वतःच चालवायची आहे त्यांनी हिवाळ्यातच आम्हाला गाठा. ऑक्टोबरमध्ये टर्बोवर बसायला सुरुवात केली तर एप्रिलमधल्या पहिल्या १० मैलांपर्यंत मान, कंबर आणि हात तिघेही तयार असतात. पहिल्या वेळी कुणाशीही स्पर्धा करू नका. नीट निघा, पुढे बघत राहा, आणि चहाला वेळेवर हॉलमध्ये पोचा. तुमचा कप आम्ही बाजूला काढून ठेवू.

— मंडळाचा सायकल गट